दम किती वेळात बसतो? धावणं आणि आत्मिक आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात मेहरूण तलावाच्या काठाने आम्ही आठवड्यातून तीन पहाटे धावतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघातली पाच-सहा पोरं, दोन काकू, भुसावळहून रेल्वेतून निवृत्त होऊन इथे आलेले एक आजोबा आणि मी. मी शाळेत खेळ शिकवतो आणि रविवारी शब्बाथ शाळा घेतो. धावून झालं की तिथेच बसून एक वचन वाचतो, मग चहा. त्या चहावर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवतोय. मी पाळक नाही, डॉक्टरही नाही, त्या बेताने वाचावं.

धावण्याचा आणि आत्म्याचा काय संबंध? हे ओढूनताणून जोडलेलं नाही का?

जोडलंय खरं, पण मी नाही, प्रेषित पौलाने. तो करिंथात दीड वर्ष राहिला, साधारण इ.स. ५० ते ५१ च्या सुमारास. शहराजवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरायचे. खेळांना लोटलेली गर्दी तंबूत उतरत असणार आणि पौलाचा धंदा तंबू शिवण्याचा. त्याच्या गिऱ्हाइकांत दोन-चार धावपटू असतील असा आपला माझा अंदाज. जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे, कधी पाइनच्या डहाळीचा, कधी सेलरीच्या पाल्याचा. चार दिवसांत सुकणारा. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायात, पौल नाशवंत मुकुटाबद्दल लिहितो तेव्हा वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तोच पाला येत असेल. त्याने तिथे वापरलेला मूळ ग्रीक शब्द ‘स्टाडिऑन’, आपलं स्टेडियम त्यातूनच आलं. ती जेमतेम १८०-१९० मीटरची सरळ धाव होती.

इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात मात्र धीराने धावायला सांगितलंय, म्हणजे दमाची, लांबची धाव. मला ती जास्त जवळची वाटते.

तरी उपमा ती उपमाच. पौलाच्या मैदानात बक्षीस एकालाच मिळतं, मंडळीत तसं नसतं. जिथे उपमा लंगडायला लागते तिथे मी ती सोडून देतो, तुम्हीही सोडा.

माझं आत्मिक आरोग्य बरं आहे की नाही, हे ओळखायचं कशावरून?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यांत जास्त चुकीची उत्तरंही यालाच मिळतात. पहाटे किती वाजता उठतो, किती अध्याय वाचतो, सभेत ‘आमेन’ किती जोरात म्हणतो, यावर लोक माप ठरवतात. धावणाऱ्यांतही हा रोग आहे. किती किलोमीटर, किती मिनिटांत, आणि लगेच स्टेटसला फोटो.

मी पोरांची नाडी मोजतो ती थांबल्यावर. थांबल्या थांबल्या १५ सेकंद मोजायची आणि चारने गुणायचं. एक मिनिट उभं राहायचं, पुन्हा मोजायची. तयार हृदय झपझप खाली येतं, १६० वरून मिनिटात १३० च्या आसपास. पहिल्या मिनिटात १२ ठोकेसुद्धा उतरत नसतील तर डॉक्टर ते गांभीर्याने घेतात, तुम्हीही घ्या आणि दाखवून या. पळताना नाडी किती चढली याने मी सहसा घाबरत नाही. चढावर सगळ्यांचीच चढते, गाड्याला जुंपलेल्या बैलाचीही चढते.

आत्म्याचं मला असंच वाटतं. राग येणारच, हेवा वाटणारच, अंगणवाडीपासून पंचायतीपर्यंत कुठेतरी कुणीतरी जिव्हारी लागेल असं बोलणारच. पाहायचं ते एवढंच, की त्यानंतर दम किती वेळात बसतो. बांधावरून भावाशी वाजलं, तर ते संध्याकाळच्या भाकरीपर्यंत निवतं, की पुढच्या नाताळापर्यंत चालतं?

माझंच सांगतो. वडील गेल्यावर वाटणीच्या बोलण्यातून थोरल्या भावाशी बिनसलं. मी आठ महिने त्याच्याशी बोललो नाही. त्या आठ महिन्यांत माझा एकही रविवार चुकला नाही. शब्बाथ शाळा घेतली, प्रभुभोजन घेतलं, सुवार्तेच्या गीतांत तारस्वरही लावला. हजेरीपटात एकही खाडा नाही. नाडी मात्र आठ महिने १६० वर. मला ते कळलं तेही माझ्या शहाणपणाने नाही. बायको म्हणाली, “तुम्ही हल्ली झोपेत दात खाता.”

येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा एकाच रात्री पडले, पेत्राने त्याला नाकारलं, यहूदाने पैसे घेऊन धरून दिलं. पश्चात्ताप दोघांनाही झाला. मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदाने ३० नाणी परत नेल्याचं स्पष्ट लिहिलंय. पण तो गेला याजकांकडे आणि त्यांनी ‘आम्हाला काय त्याचं’ म्हणून हात झटकले. पेत्र रडला, आणि मासे धरायला का होईना, आपल्या माणसांत राहिला. किनाऱ्यावर विस्तव दिसला, प्रभू आहे असं कळलं, तेव्हा त्याने होडी काठाला लागायचीही वाट पाहिली नाही, पाण्यात उडी टाकली. तो पडला किती खोल, यापेक्षा परत कसा आला हे मला जास्त शिकवतं.

रोज किती प्रार्थना करावी, किती वाचावं?

बोलता बोलता धावता आलं पाहिजे. हा धावण्यातला जुना आणि फुकटचा नियम: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तुम्ही फार जोरात चाललाय. नवशिक्याची चूक बहुतेक हीच असते, तो रोजच शर्यत पळतो. आठवड्यातलं बहुतेक धावणं हळू असावं, जोरात एखाद-दोनदाच. हृदयाचा पंप, स्नायूंतलं रक्ताचं जाळं, चरबी जाळायची सवय, हे सगळं त्या कंटाळवाण्या हळू किलोमीटरांतच तयार होतं.

आता एक जानेवारीचा संकल्प पाहा. पवित्र शास्त्राचे ११८९ अध्याय वर्षात संपवायचे, म्हणजे रोजचे तीन-चार. उत्पत्तीचे ५०, निर्गमचे ४० वाचून होतात. जानेवारी संपता संपता लेवीय लागतं, होमार्पणं आणि महारोगाचे नियम सुरू होतात, आणि निम्मा तरुण संघ तिथेच बसतो. फेब्रुवारीत कुणी विषय काढत नाही! अर्धा अध्याय वाचा, पण असा की भाकरी थापताना, बसची वाट बघताना तो तोंडात घोळत राहील. दहा मिनिटं प्रार्थना करा, पण अशी की मध्येच दूधवाला आला तरी पुढे चालू करता येईल.

संजीवन सभा वाईट का? नाही. हिवाळ्यात नवापूर-नंदुरबारकडे सभा भरतात तेव्हा मीही जातो, माणसं पांघरुणं घेऊन रात्रभर बसतात, गातात, मला फार आवडतं. ती शर्यतीची रात्र आहे. पण शर्यतीवर कुणी दम कमावत नाही, कमावलेला दम तिथे खर्च करतो.

ओझं कोणतं टाकायचं?

इब्री पत्रात धावण्याआधी टाकायच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: ओझं आणि पाप. आपण पापाची यादी पाठ करतो आणि ओझ्याकडे पाहतच नाही, कारण ओझं टाकलं नाही म्हणून कुणी रागावत नाही. मोबाइल पाप नाही. मंडळीच्या कमिटीची निवडणूक पाप नाही. ‘आमच्या आजोबांनी ही मंडळी उभी केली’ हा अभिमानही पाप नसेल कदाचित. पण केळीचा घड खांद्यावर घेऊन कुणी लळिंगचा घाट धावत चढतो का? घड चांगलाच असतो, विकला तर पैसे येतात. फक्त घाटाची वेळ त्याची नव्हे.

पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करतोय. मैदान रविवारी सकाळीच मोकळं मिळतं. उपासना बुडते. चालेल का?

खान्देशात हा प्रश्न खराखुरा आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव, कुठेही पहाटे रस्त्यावर निघा, भरतीची पोरं-पोरी दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि एका सेकंदाने गुण जातात. घरी जमीन दीड एकर आणि कापसाचा भाव नशिबावर, तेव्हा हा छंद नाही, पोटाचा प्रश्न आहे. त्यामुळे कुणी रविवारी न धावणाऱ्या एरिक लिडलचं नाव घेऊन तुम्हाला गप्प करायला आलं तर आधी त्याला पूर्ण गोष्ट विचारा.

लिडल १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावला नाही, कारण प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. हे वेळापत्रक त्याला आधीच कळलेलं होतं, म्हणून त्याने ४०० मीटरची तयारी केली आणि ४७.६ सेकंदांत सुवर्ण घेतलं. २०० मीटरला कांस्यही. नंतर तो चीनमध्ये मिशनरी शिक्षक झाला, युद्धात जपान्यांच्या छावणीत नजरकैदेत पडला आणि १९४५ च्या फेब्रुवारीत मेंदूतल्या गाठीने तिथेच वारला. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कमी लोक सांगतात. छावणीत मुलं रविवारी खेळत, खेळताना हाणामारी होई, तेव्हा याच लिडलने रविवारी मैदानात उतरून पंचाचं काम केलं. स्वतःच्या बक्षिसासाठी तो रविवारी धावला नाही, दुसऱ्यांच्या मुलांसाठी मैदानात गेला. हे मी बरेच दिवस मनात घोळवलंय.

तुला माझा सल्ला असा: शनिवारी संध्याकाळी मैदान मिळतं का याची चौकशी कर, नाहीतर डांबरी रस्त्यावर १६०० मीटरची खूण करून घे. नाहीच जमलं तर पाळकसाहेबांशी तोंडावर बोल आणि संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेला ये. लपवून धावू नकोस. धावल्याने जितकं बिघडणार नाही तितकं लपवल्याने बिघडतं.

माझ्यासोबत बाप्तिस्मा घेतलेला मित्र आता सभेत संदेश देतो. मी अजून मोठ्याने प्रार्थना करायलाही लाजतो.

येशूच्या रिकाम्या कबरेकडे पेत्र आणि दुसरा एक शिष्य दोघंही धावले. दुसरा पुढे गेला, आधी पोहोचला आणि दारातच वाकून उभा राहिला. मागून धापा टाकत पेत्र आला आणि सरळ आत शिरला. योहानाचा विसावा अध्याय, एकदा सावकाश वाच.

आणि अहीमासाची गोष्टही आहे, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात. लढाईची बातमी घेऊन आधी निघालेल्या कूशीला मागे टाकून तो दावीद राजापर्यंत आधी पोहोचला. ‘अबशालोम बरा आहे ना’ असं राजाने आपल्या मुलाबद्दल विचारलं, तर म्हणाला, मोठी गडबड दिसली पण काय ते कळलं नाही. एवढं धावून निरोप अर्धवटच. तुझ्या मित्राबद्दल म्हणत नाहीये.

नुसतं चाललं तर चालेल का? (दोन्ही काकूंचा प्रश्न)

चालेल. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात आधी उडणं आहे, मग धावणं, आणि शेवटी चालणं. मला तो उतरता क्रम वाटत नाही. पंख पसरून एक सभा पार पडते, पण चाळीस वर्षांचा संसार, आजारी सासू, दारूडा मुलगा, हे चालतच पार करावं लागतं. काकूंची खरी अडचण वेगळी होती: पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज घातले की गल्लीतली माणसं बघतात. बघू दे म्हणणं सोपं आहे, आम्हाला कुणी बघत नाही. म्हणून आम्ही त्यांना घरापासून घ्यायला जातो. चौघं सोबत असली की बघणाऱ्यांचा उत्साह कमी होतो.

मे महिन्यात काय करता?

पाच वाजता सुरू, सहाला बंद. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो तिथे शहाणपणा दाखवायचा नाही. शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात: रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. ते दिवस वेग सोडून द्यायचा. नुसतं पाणी ढोसत राहू नका, लिंबू-मीठ-साखर घाला. चक्कर, उलटी, बोलण्यात बरळ दिसली की सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओता आणि दवाखाना गाठा, ‘जरा बसतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

प्रार्थना कोरडी पडते तो काळ मे महिन्यासारखाच असतो. काही बिघडलेलं नसतं, ऋतू असतो. वेग कमी करा, बंद करू नका. यापुढे ही उपमा मी ताणत नाही.

उपास-प्रार्थनेच्या दिवशी धावावं का?

तब्येत ठीक असेल तर अर्धा तास हळू धावायला हरकत नाही, शरीरात तेवढा साठा असतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि उपास सोडताना शेवभाजीवर तुटून पडू नका, आधी दोन केळी खा. केळीच्या गावात राहून हे सांगावं लागतं याचं नवल वाटतं.

दुखतंय. थांबू की रेटू?

मांड्या भरून येणं हे दुखणं आहे, दोन दिवसांत जातं, रेटा. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येते, धावताना वाढते, रात्रीही ठसकते, तर ती इजा आहे. थांबा. मी थांबलो नव्हतो. अर्ध्या मॅरेथॉनच्या नादात दोन आठवड्यांत अंतर दुप्पट केलं आणि पुढचे तीन महिने पोरांना शिट्टी वाजवून धाववलं, स्वतः खुर्चीवर.

आत्म्याच्या इजेबद्दल जरा जास्त बोलू द्या. एके वर्षी शब्बाथ शाळा, तरुण संघ, गायनमंडळ, नाताळचं नाटक, सगळं माझ्याच गळ्यात होतं. गळ्यात पडलं असं म्हणतो, पण मीच घेतलं होतं. जानेवारीत अशी अवस्था झाली की कुणी ‘चला प्रार्थना करू’ म्हटलं की डोकं उठायचं. मला वाटलं माझा विश्वासच गेला. तेव्हा पाळकसाहेबांनी काही उपदेश केला नाही, एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचायला दिली. कर्मेलावर अग्नी उतरला, पाऊस पडला, एलीया अहाबाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावला. आणि लगेच पुढच्याच अध्यायात तोच माणूस रानात झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवाने त्याला काय सांगितलं? आधी काहीच नाही. झोपू दिलं. दूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं होरेबला गेल्यावर, ४० दिवसांनी. मी दोन महिने सगळी कामं सोडली, मागच्या बाकावर बसलो. कुणाचं काही अडलं नाही, हे जरा लागलं.

आणि एक गोष्ट मंडळीत स्पष्ट बोलली जात नाही म्हणून इथे लिहितो. दोन-तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, जगू नये असं वाटतं, तर ते ‘विश्वास कमी पडतोय’ नव्हे. नडगीचं हाड प्रार्थनेसोबत विश्रांती आणि डॉक्टर मागतं, तसंच हे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, मराठीतही बोलता येतं. त्या माणसाला ‘अजून प्रार्थना कर’ एवढंच सांगून घरी पाठवू नका. सोबत जा.

एकट्याने धावलं तर काय बिघडतं?

काही नाही. मीही धावतो. पण आमच्या भागात कित्येक गावांत ख्रिस्ती घरं दोन-तीनच असतात, तिथे एकटं असणं निवडलेलं नसतं, वाट्याला आलेलं असतं. अशा घरातलं एक पोरगं शिकायला जळगावात आलं. पहिल्या पहाटे माझ्या मागे धावताना म्हणालं, “सर, कोणीतरी पुढे आहे म्हणून पाय आपोआप उचलतात.” त्यात माझं काही कौतुक नव्हतं. पुढच्याची पाठ दिसली की मागच्याचं निम्मं काम होतं, एवढंच.

दीड वर्ष चर्चला गेलो नाही. आता कोणत्या तोंडाने येऊ?

धावणं सोडलं की दोन-तीन आठवड्यांतच दम उतरायला लागतो, हे खरं. पण एकदा कमावलेला दम दुसऱ्यांदा कमवायला सहसा पहिल्याइतका वेळ लागत नाही. पहिल्या दिवशी जुन्या वेगाने पळायला जाऊ नकोस, तिथेच लोक पुन्हा सोडतात. मागच्या बाकावर बस, एक गाणं म्हण, आशीर्वचन झालं की हवं तर लगेच नीघ. विचारणारे विचारतील, ‘दिसला नाहीस बरेच दिवस’, त्यांना चहा पाज.

येशूने सांगितलेल्या, घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाच्या दाखल्यात मुलगा चालत येतो, धावतो बाप. आपल्याकडेही म्हातारा धोतर सावरत रस्त्याने पळाला तर गाव हसेल, त्या काळी तर हसलंच असेल. मुलाने वाटेत पाठ केलेलं भाषण अर्धवटच राहिलं, बाप ऐकून घ्यायलाच तयार नव्हता.

सगळ्यांत शेवटी येणाऱ्यासाठी थांबता का?

हो. ज्याचं आधी संपतं त्याने मागे वळायचं आणि शेवटच्याबरोबर पुन्हा यायचं, असा नियम आहे. शेवटचे बहुतेक आमचे रेल्वेवाले आजोबा असतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही, गाड्या उशिरा येण्यातच जन्म गेला म्हणतात. या नियमाने सगळ्यांत वेगवान पोराचं अंतर सगळ्यांत जास्त होतं आणि तो रोज कुरकुरतो. ते दोघं आल्याशिवाय वचन उघडत नाही. चहा मात्र सुरू झालेला असतो.